समासातलं प्रश्नचिन्ह

ताई,
मी ३२ वर्षांची आहे. मुद्रितशोधन आणि संपादनाचं काम गेली आठ वर्षं करतेय. लहानपणापासून मला 'रडूबाई' म्हणत आले. चढलेला आवाज, भांडण, गोंगाट, सगळं माझ्या अंगावर येतं. रात्री पडल्या पडल्या दिवसभरातलं एकेक वाक्य उगाळत बसते. मागच्या आठवड्यात विभागप्रमुखांना एक मजकूर पाठवला, त्यांचं उत्तर आलं, 'ठीक आहे.' एरवी ते 'छान' म्हणतात आणि पूर्णविराम देत नाहीत. त्या पूर्णविरामाने माझे दोन दिवस खाल्ले. आता त्यांनीच मला सहा जणांच्या गटाची जबाबदारी घेशील का, असं विचारलंय. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न आला तेव्हा मी नाही म्हटलं होतं. या वेळी महिनाअखेर उत्तर द्यायचंय. मी या कामाला खरंच कमी पडेन, की मला नुसतं तसं वाटतं, हेच मला कळत नाही. माझ्यासारख्या अतिसंवेदनशील माणसाने अशी जागा घ्यावी का? पत्र फार लांबलं, माफ करा.
एक शंकेखोर

प्रिय मैत्रिणी,

पत्राखाली तू केलेल्या सहीने मी तुला हाक मारणार नाही. ते नाव तुला लागू पडतं असं मला वाटत नाही, आणि का ते पुढे येईलच.

तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं, वर त्याचा सारांश दिलाय. त्या चार पानांत 'माफ करा' पाच वेळा आलंय. पत्र लांबलं म्हणून, माझा वेळ घेतला म्हणून, प्रश्न तसा छोटाच आहे म्हणून. आणि तिसऱ्या पानावर, जाता जाता, एका ओळीत तू एक गोष्ट सांगून पुढे गेलीस. शेजारच्या टेबलावरची तुझी सहकारी तीन दिवस नेहमीपेक्षा हळू बोलत होती, फोन वाजला की दचकत होती. तू तिला बाजूला घेऊन 'सगळं बरं आहे ना?' एवढंच विचारलंस आणि तिला रडू फुटलं. तिच्या घरात मोठं आजारपण आलं होतं आणि तिने ते कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. तुमच्या विभागात बारा माणसं आहेत. कळलं फक्त तुला.

आता हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघ. सहकारीचा खाली गेलेला आवाज आणि प्रमुखांचा पूर्णविराम. दोन्हीकडे तू एक बारीक बदल टिपलास, आणि दोन्हीकडे तुझं टिपणं बरोबर होतं. आवाज खरोखर खाली गेला होता, पूर्णविरामही खरोखर तिथे होता. मग एका प्रसंगातून कोणाला तरी आधार मिळाला आणि दुसऱ्यातून तुझी झोप उडाली, असं का झालं? सहकारीच्या बाबतीत टिपल्यावर तू विचारलंस. प्रमुखांच्या बाबतीत टिपलंस आणि लगेच लावून घेतलंस.

आपल्या भाषेतलं हे क्रियापद मला फार नेमकं वाटतं. अर्थ आपण 'लावतो' आणि एखादी गोष्ट मनाला 'लावून घेतो'. टिपणं आपसूक होतं, तिथे तुझा इलाज चालत नाही. लावण्याचं काम मात्र तू करतेस, आणि ते इतक्या झपाट्याने करतेस की टिपणं कुठे संपलं आणि लावणं कुठे सुरू झालं, याचा पत्ताच लागत नाही. 'पूर्णविराम दिला' हे टिपणं. 'माझं काम त्यांना आवडलं नाही' हे लावणं. 'मी या कामाच्या लायकीचीच नाही' हे लावल्यावर लावलेलं आणखी एक. दोन दिवस तू ज्याच्याशी झगडलीस ते तिसरं वाक्य होतं, आणि ते प्रमुखांनी कुठेही लिहिलेलं नव्हतं.

ही सवय कुठून येते, याबद्दल मला जे वाटतं ते सांगते. तुझ्या पत्रात 'रडूबाई'च्या आधी आणखी एक वाक्य होतं: 'उगाच काहीतरी वाटतं तुला.' घरात ते रोजचं होतं, असं तू लिहिलंयस. हे वाक्य ज्या मुलाला सतत ऐकवलं जातं, त्याच्या बाबतीत काय घडतं बघ. शेजारच्या खोलीत मोठ्यांचं काहीतरी बिनसलंय, हे त्या मुलाला दार लागण्याच्या आवाजावरून कळतं. ते विचारतं, काय झालं? उत्तर येतं, काही नाही, तुला उगाच वाटतं. पण झालेलं असतं. मोठी माणसं हे दुष्टपणाने करत नाहीत, बहुतेकदा मुलाला त्रास नको म्हणूनच लपवतात. मूल मात्र त्यातून एकच धडा घेतं, की आपल्याला जे दिसतं ते खरं नसतं. कारण विचारायची सोय राहिली नाही की मूल कारण स्वतःच शोधतं, आणि लहान वयात हाताशी सर्वांत जवळचं कारण एकच असतं: मी. माझंच काहीतरी चुकलं असणार. तू ३२ वर्षांची झालीस तरी हिशेब अजून तोच चाललाय. डोळ्यांवर विश्वास नाही, आणि डोळ्यांनी न पाहिलेल्या कारणावर मात्र गाढ विश्वास. म्हणून 'शंकेखोर' हे नाव तुला शोभत नाही, असं मी म्हटलं. आपण लावलेल्या अर्थावर तू शंका घेतच नाहीस, तो डोळे मिटून मान्य करतेस.

तू 'अतिसंवेदनशील' हा शब्द वापरलायस, त्याबद्दल थोडं. १९९७ साली इलेन आणि आर्थर एरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने या स्वभावावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि तो मोजण्यासाठी २७ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. शास्त्रीय भाषेत त्याला 'सेन्सरी प्रोसेसिंग सेन्सिटिव्हिटी' म्हणतात. हा आजार नाही. उंचीसारखा तो कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांतच असतो. इलेन एरन यांचा अंदाज होता की तो ठळकपणे असणारी माणसं शंभरात पंधरा-वीस असावीत, २०१८ सालच्या एका अभ्यासात हा आकडा तीसच्या आसपास निघाला. म्हणजे तुमच्या बारा जणांच्या विभागातसुद्धा तू एकटी असशील असं नाही. आणखी कोणीतरी रात्री पूर्णविराम मोजत असेल.

या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. मायकेल प्लूएस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं की अशा माणसांवर वाईट वातावरणाचा परिणाम जास्त होतो, तसाच चांगल्याचाही जास्त होतो. इंग्लंडमध्ये अकरा वर्षांच्या शाळकरी मुलींसाठी नैराश्याला आळा घालणारा एक प्रशिक्षणक्रम घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. फायदा दिसला तो जास्त संवेदनशील मुलींना, कमी संवेदनशील मुलींमध्ये तसा फरक पडला नाही. 'अशा माणसाने अशी जागा घ्यावी का' या तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे सापडतं. जागेपेक्षा त्या जागेचं वातावरण तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे, आणि वातावरणाबद्दल आधी बोलून घेता येतं.

तुला दोन प्रकारचे सल्ले मिळाले असणार. एक, 'कातडी जरा निबर कर.' मला हा सल्ला मनापासून नापसंत आहे. कातडी निबर झाली तर सहकारीचा आवाजही ऐकू येणार नाही. आणि दुसरा, अलीकडचा: संवेदनशीलता ही तुझी दैवी देणगी आहे, तू इतरांपेक्षा खोल आहेस, जगालाच तुझी कदर नाही. हाही मला धोक्याचा वाटतो. त्याने घडीभर बरं वाटतं, पण मग जो कोणी टोकेल तो आपोआप असंवेदनशील ठरतो आणि आपण काही शिकायचं राहूनच जातं. तुझ्या हातात एक बारीक मोजणारं उपकरण आहे, इतकंच म्हणेन. बारीक उपकरण नीट वाचायला शिकावं लागतं.

माझी एक गोष्ट सांगते. हे मी सहसा बोलत नाही. लेखनाला सुरुवात केली तेव्हा मी हाताने लिहायचे आणि नक्कल ठेवायची अक्कल नव्हती. माझा पहिला मोठा लेख संपादकांनी परत पाठवला. एका परिच्छेदाखाली लाल रेघ होती. शेरा नाही, चिठ्ठी नाही, नुसती रेघ. मी ती रेघ पाहिली आणि हातपाय गार पडले. रात्रभर बसून तो परिच्छेद काढून टाकला, त्याच्या आजूबाजूचंही बदललं, जुनी पानं फाडून टाकली. सकाळी लेख नेऊन दिला तेव्हा त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, 'तो परिच्छेद कुठे गेला? चौकटीत घ्यायचा होता.' रेघ आवडीची होती. मी तो परिच्छेद पुन्हा लिहायचा खूप प्रयत्न केला, जमला नाही. आजही मला त्यातलं पहिलं वाक्य आठवतं आणि त्यापुढचं काही आठवत नाही. आत्मशंकेने काय जातं असं कोणी विचारलं तर मला ती फाडलेली पानं आठवतात. एक साधा प्रश्न विचारला असता तर ती वाचली असती.

आणि प्रश्न कसा विचारायचा हे तर तुला तुझ्या कामातच शिकवलंय. मुद्रित तपासताना एखादा शब्द खटकला तर तू काय करतेस? लेखकाचं वाक्य परस्पर बदलत नाहीस. समासात प्रश्नचिन्ह काढतेस आणि मुद्रित लेखकाकडे पाठवतेस. शब्द चुकलाय असंही तू गृहीत धरत नाहीस आणि 'मला उगाच खटकतंय' म्हणून सोडूनही देत नाहीस. खटकलं हे नोंदवतेस, ठरवतो लेखक. मुद्रितशोधनाची ही शिस्त तू आठ वर्षं पाळतेयस. माणसांचं बोलणं वाचतानाच तेवढी ती सुटते. तिथे तू समास सोडून थेट मजकुरात हात घालतेस, 'ठीक आहे' खोडून त्या जागी 'नालायक आहे' लिहितेस आणि लेखकाला काही कळवत नाहीस.

म्हणून एक वही कर. पानावर तीन रकाने आख. पहिल्यात काय दिसलं किंवा ऐकलं ते, अगदी कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. 'त्या चिडल्या होत्या' असं पहिल्या रकान्यात लिहायचं नाही. 'माझं बोलणं चालू असताना त्यांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं' असं लिहायचं. दुसऱ्यात तू त्याचा काय अर्थ लावलास तो, कितीही वाईट असला तरी जसाच्या तसा. तिसरा रकाना कोरा ठेवायचा आणि त्यात फक्त प्रश्नचिन्ह. विचारल्यावर किंवा दिवस गेल्यावर प्रत्यक्ष काय निघालं ते त्यात भरायचं. रोज पाच मिनिटं पुरे, आणि झोपायच्या आधी नको, संध्याकाळी. तीन आठवड्यांनी दुसरा आणि तिसरा रकाना ताडून बघ. काही वेळा तुझा अर्थ बरोबर निघेल, तेही प्रामाणिकपणे लिही. कोणीतरी खरंच नाराज असेल, एखादं काम खरंच कमी पडलं असेल. पण तेव्हाही तिसऱ्या रकान्यात 'दुसऱ्या प्रकरणात दाखले कमी होते' असं काहीतरी येईल. ते दुरुस्त करता येतं.

माणसांना तू आवडत नाहीस, असं तुला वारंवार वाटतं, त्याबद्दलही एक माहिती. अनोळखी माणसांना एकमेकांशी गप्पा मारायला लावून नंतर दोघांनाही वेगवेगळं विचारलं, तर समोरच्याला आपण जेवढे आवडलो असं माणसाला वाटतं त्यापेक्षा प्रत्यक्षात तो जास्त आवडलेला असतो. २०१८ साली अमेरिका आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे प्रसिद्ध केलं, आणि एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये ही तफावत कित्येक महिने टिकल्याचंही त्यांना दिसलं. हा अंदाज चुकणं बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला येतं. तुझ्याकडे तो चुकायला जरा जास्त कच्चा माल जमतो, इतकाच फरक.

रात्रीच्या उगाळण्याबद्दल. 'विचार करू नकोस' हे मी सांगणार नाही, ते कोणालाच जमत नाही. दोन गोष्टी करून बघ. अंथरुणावर पडल्यावर वाक्यं फिरू लागली की स्वतःला नावाने हाक मारून बोल, एखाद्या मैत्रिणीशी बोलावं तसं. 'मी असं का बोलले' याऐवजी, तुझं जे नाव असेल ते घेऊन, 'तू आज दमलीयस. त्या बैठकीत तू दोन मुद्दे मांडलेस, एक नीट मांडला गेला नाही.' बालिश वाटेल. पण अमेरिकेतल्या इथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने २०१४ साली हे तपासलं. ऐनवेळी भाषण करायला सांगितलेल्या माणसांपैकी ज्यांनी स्वतःबद्दल 'मी' ऐवजी नावाने किंवा 'तू' म्हणून विचार केला, त्यांची घबराट कमी होती आणि नंतरचं कुढणंही कमी होतं. दुसरी गोष्ट शरीराची. गोंगाट, प्रखर दिवे, लागोपाठ बैठका यांनी तू इतरांच्या आधी शिणतेस, आणि शिणलेलं मन सगळ्यात वाईट अर्थ आधी लावतं. दोन बैठकांमध्ये दहा मिनिटं एकटी बसत जा, फोन न बघता. हे लाड नाहीत, ही तुझ्या उपकरणाची देखभाल आहे.

आता मुख्य प्रश्न. जबाबदारी घे, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षांपूर्वी नाही म्हटल्यावर आठवडाभर सुटल्यासारखं वाटलं आणि नंतर 'हे मी जास्त नीट केलं असतं' असं वाटत राहिलं, असं तूच लिहिलंयस. ती हळहळ मला तुझ्या शंकेपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

पण तू ज्याला घाबरतेयस तिथे खरी अडचण येणार नाही. टीका झाली तर तुला लागेल, चार दिवस जातील, आणि वही हाताशी असेल. अडचण येईल ती सहा जणांचे चेहरे रोज वाचण्याची. कोण झोपलं नाही, कोण कोणावर रुसलंय, कोणाला काम नकोसं झालंय, सगळं तुला सकाळी दहा वाजताच कळेल. आणि जे दिसलं ते आपणच निस्तरायला हवं, असं तुला वाटेल. एखाद्याचं काम कच्चं आलं तर त्याला वाईट वाटू नये म्हणून ते परत देण्याऐवजी तू रात्री स्वतः दुरुस्त करशील. असं सहा महिने केलंस की तू आजारी पडशील, आणि त्या माणसाला आपलं काय चुकलं ते कधी कळणारच नाही. म्हणजे त्याच्याही बाबतीत नुसती लाल रेघ, शेरा नाही. तुला तरी हे नक्की कळेल. म्हणून काम परत देताना खरं आणि पूर्ण वाक्य लिही: काय चांगलं आहे, काय बदलायचंय, कधीपर्यंत. संदिग्ध शब्दांचा त्रास काय असतो हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तुझ्या गटातल्या माणसांना तू पूर्णविराम मोजायला लावणार नाहीस, याची मला खात्री वाटते.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, भूक मेली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर वहीवर थांबू नकोस. संवेदनशील स्वभाव आजार नसला तरी चिंताविकार आणि नैराश्य हे आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला भेट, आणि जगणं नको असं मनात आलं तर त्याच दिवशी भेट. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण पत्रात सगळं येत नाही हेही मला माहीत आहे. तसंच, तुझ्या आयुष्यात आजही कोणी असेल जे तुला जे दिसतं ते दरवेळी 'उगाच' ठरवतं, तर त्या माणसासमोर स्वतःची पारख करायला बसू नकोस.

महिनाअखेरची वाट बघू नकोस, तेवढ्यात तू आणखी चार अर्थ लावशील. उद्या सकाळी, अंग ताजं असताना, प्रमुखांना लिही. दोनदाच वाचायचं, तिसऱ्यांदा नाही. मी मसुदा देते, शब्द तुझे कर.

'मी ही जबाबदारी घ्यायला तयार आहे. त्याआधी तीन गोष्टी बोलून घ्यायच्या आहेत. माझ्या कामाबद्दलचं मत दर पंधरा दिवसांनी समोरासमोर मिळावं. मोठ्या निर्णयांवर उत्तर द्यायला मला एक दिवस हवा. आणि सहा जणांपैकी नव्या दोघांना कोण शिकवणार, हे आधी ठरावं. यासाठी अर्धा तास कधी मिळेल? मागच्या आठवड्यातल्या मजकुरावर आपण "ठीक आहे" म्हणालात. त्यात काही बदल हवे होते का?'

त्यांचं जे उत्तर येईल ते तिसऱ्या रकान्यात उतरवून ठेव, आहे तसं, पूर्णविरामासकट.

तुझी,
ताई